इनसॅटसाठी जागवलेली रात्र

३० ऑगस्ट १९८३. फ्लोरिडात रात्रीचे २ वाजून ३२ मिनिटं, आपल्याकडे भर दुपारचे १२ वाजून २ मिनिटं. वादळी हवेमुळे १७ मिनिटं अडकून पडलेलं चॅलेंजर अखेर उडालं. अमेरिकेच्या स्पेस शटल या पुन्हा पुन्हा वापरायच्या अंतराळयानाचं हे आठवं उड्डाण, एसटीएस-८, आणि रात्री झालेलं पहिलं. त्याआधी अमेरिकेने रात्री माणसं पाठवली होती ती एकदाच, डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो-१७ मधून.

नासाला रात्रीची हौस नव्हती. रात्री उड्डाण म्हणजे कॅमेऱ्यांना बूस्टर, म्हणजे बाजूची जोड रॉकेटं, धड दिसत नाहीत, आणि ऐन वेळी परत फिरावं लागलं तर धावपट्टी अंधारात शोधायची. तरीही ही वेळ निवडली, कारण सामानाच्या कप्प्यात आपला इनसॅट-१बी उपग्रह होता आणि त्याच्या घड्याळापुढे बाकी सगळ्यांना नमतं घ्यावं लागलं. पाच अंतराळवीरांच्या झोपेच्या वेळा, उतरण्याची वेळ, कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरचे दिवे, सगळं त्या एका उपग्रहावरून ठरत गेलं.

या घाईचं कारण आधीचं अपयश. इनसॅट-१ए हा एप्रिल १९८२ मध्ये डेल्टा रॉकेटने गेला होता. त्याचा सी-बँड अँटेना उघडेना. शेवटी दिशा सांभाळण्याच्या थ्रस्टरमधून वायूचा झोत मारून तो मोकळा केला. सौर शीड मात्र उघडलंच नाही. पुढे दिशा सांभाळण्याचं इंधन संपलं आणि सप्टेंबर १९८२ मध्ये उपग्रह सोडून द्यावा लागला. पाच महिन्यांत कारभार आटोपला. १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, हवामान खात्याला ढगांची चित्रं हवी होती, दूरसंचार खात्याला वाहिन्या हव्या होत्या. त्यामुळे १बी वेळेवर जाणं भाग होतं.

शीड म्हटलं की लोक गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर. इनसॅट-१ मालिका दिसायला लंगडी होती. बहुतेक दळणवळण उपग्रहांना दोन्ही बाजूंना सौरपट्ट्या असतात. याला त्या फक्त दक्षिणेच्या बाजूला होत्या. उत्तरेची बाजू मोकळी ठेवणं भाग होतं, कारण हवामानाचा कॅमेरा, म्हणजे व्हीएचआरआर, याच उपग्रहावर होता. त्याचा अवरक्त संवेदक अतिशय थंड ठेवावा लागतो. हे थंड करणं यंत्राने नव्हे, तर एका पृष्ठभागातून उष्णता थंडगार अवकाशात सोडून व्हायचं. त्या पृष्ठभागासमोर तापलेली सौरपट्टी आली की संवेदक गरम झालाच. म्हणून उत्तरेला पट्टी नाही.

आता एकाच बाजूला पट्टी म्हटल्यावर सूर्यप्रकाशाचा दाबही एकाच बाजूला. हा दाब दर चौरस मीटरला न्यूटनचा सुमारे दोन लाखावा भाग, म्हणजे हसण्यावारी न्यावा इतका. पण तो रात्रंदिवस, महिनोन्महिने पडतो आणि उपग्रहाला हळूहळू वळवत राहतो. तोल साधायला उत्तरेकडे एका लांब दांड्याच्या टोकाला हलकं शीड लावलं होतं. शीड उघडलं नाही तर हे वळणं थांबवायला थ्रस्टर पुन्हा पुन्हा मारावे लागतात आणि इंधनाची वजावट पहिल्याच दिवसापासून सुरू होते. म्हणजे एका बिजागरीचा हट्ट थेट उपग्रहाच्या आयुष्यावर येतो. एकाच उपग्रहात दूरदर्शन, टेलिफोन आणि हवामान कोंबण्याची ही किंमत होती. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. तीन वेगळे उपग्रह घेण्याइतका पैसा त्या काळी आपल्याकडे नव्हता. पण बांधणी त्यामुळे नाजूक झाली, हे मान्य करायला हवं.

इनसॅट-१बी फोर्ड एअरोस्पेस कंपनीने बांधला होता. त्यावर १२ सी-बँड ट्रान्सपाँडर (जमिनीवरून आलेले संदेश परत खाली पाठवणारी यंत्रं), थेट प्रसारणासाठी २ एस-बँड ट्रान्सपाँडर आणि व्हीएचआरआर. या कॅमेऱ्याला दृश्य प्रकाशात २.७५ किलोमीटरपर्यंतचा आणि अवरक्तात ११ किलोमीटरपर्यंतचा तपशील दिसायचा. आजच्या मानाने भरड, पण अरबी समुद्रातलं वादळ ओळखायला पुरेसा.

शटल उपग्रहाला थेट भूस्थिर कक्षेत, म्हणजे जिथून तो जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो तिथे, नेतं, असा एक समज अजूनही आढळतो. शटल जेमतेम ३०० किलोमीटरवर फिरायचं आणि इनसॅटला जायचं होतं ३५,७८६ किलोमीटरवर. मधला रस्ता उपग्रहाने स्वतःच कापायचा. त्यासाठी त्याच्या बुडाशी पॅम-डी नावाचा घन इंधनाचा टप्पा जोडला होता. उपग्रह आणि पॅम मिळून वजन सुमारे ३,४०० किलो, त्यातला मोठा वाटा पॅमचाच.

सोडण्याची रीत अशी. उपग्रह कप्प्यात उभा असतो, खाली फिरता पाट, भोवती शिंपल्यासारखं दुभंगणारं ऊनकवच. कप्प्याची दारं उघडली की ऊन आणि सावली यांत तापमान भयंकर वरखाली होतं, म्हणून ते कवच. आधी यानाची दिशा ठरवायची, कारण पॅमला स्वतःची दिशा बदलायची अक्कल नाही. यान ज्या दिशेला तोंड करून त्याला सोडेल त्याच दिशेला तो पेटणार. ही दिशा अचूक लागली की कवच उघडायचं आणि पाट फिरवायला सुरुवात करायची, मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे. भोवरा फिरता असला की कलंडत नाही, तेच इथेही. घन इंधनाचा झोत कधीच शंभर टक्के सरळ नसतो. उपग्रह फिरत असेल तर ती तिरपी ओढ सगळ्या बाजूंना वाटली जाते आणि मार्ग सरळ राहतो. फेरे स्थिर झाले की स्फोटक बोल्टने पकडपट्टा तोडायचा, आणि खालच्या स्प्रिंगा उपग्रहाला सेकंदाला सुमारे ९० सेंटिमीटर वेगाने बाहेर ढकलतात. माणूस सावकाश चालतो तेवढाच वेग. हे काम दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टला, डेल गार्डनर आणि गायन ब्लूफर्ड यांनी पार पाडलं. ब्लूफर्ड हे अवकाशात गेलेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन, त्यामुळे वर्तमानपत्रांत गाजलं ते त्यांचंच नाव. गार्डनर यांचं नाव मात्र लक्षात ठेवा.

यानंतर शटलने गुपचूप लांब जायचं आणि पोट उपग्रहाकडे करून थांबायचं. घन मोटर पेटल्यावर तिच्यातून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण गोळ्यांसारखे सुटतात. ते खिडक्यांवर नकोत, पोटाच्या उष्णतारोधक फरशांवर एक वेळ चालतील.

पॅम पेटतो साधारण ४५ मिनिटांनी, आणि हा आकडा उगाच नाही. ३०० किलोमीटरवरची एक फेरी सुमारे दीड तासाची. तिच्यात विषुववृत्त दोनदा ओलांडलं जातं, दर ४५ मिनिटांनी एकदा. एका ओलांडणीला उपग्रह सोडायचा, पुढच्या ओलांडणीला मोटर पेटवायची. मोटर विषुववृत्तावरच पेटवावी लागते, कारण मग कक्षेचं सर्वांत उंच टोकही विषुववृत्तावरच येतं, बरोबर पलीकडच्या बाजूला. तसं झालं तरच पुढे उपग्रहाच्या स्वतःच्या द्रवरूप इंधनाच्या इंजिनाने कक्षा गोल करता येते आणि तिचा २८.५ अंशांचा कलही काढता येतो. पॅमने द्यायचा वेग सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर, उपग्रहाच्या इंजिनाने भरायचा आणखी सुमारे १.८.

आता रात्रीचं कोडं सुटतं. उपग्रह कोणत्या ओलांडणीला सुटणार हे ठरलं, की त्या वेळी सूर्य त्याच्या कोणत्या अंगाला असेल, घडी घातलेल्या सौरपट्टीवर ऊन पडेल की नाही, वर चढताना तो जमिनीवरच्या केंद्रांना कधी दिसेल, हे सगळं त्याबरोबर ठरतं. इनसॅटचं कर्नाटकातलं हसन इथलं मुख्य नियंत्रण केंद्र आणि त्याची ७४ अंश पूर्व रेखांशावरची जागा धरून उलटं गणित मांडत आलं, की फ्लोरिडातली रात्र हाती लागते.

पॅम बरोबर पेटला, उपग्रह वर गेला आणि तिथे पुन्हा जुनंच दुखणं: सौरपट्टी नीट उलगडेना. फोर्डचे आणि आपले अभियंते त्यासाठी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत झुंजत होते. अखेर ती उलगडली. उलगडणाऱ्या गोष्टी हा त्या काळच्या उपग्रहांचा सगळ्यात कच्चा दुवा. जमिनीवर गुरुत्वाकर्षणात तपासणी करताना पट्टीला वरून आधार द्यावा लागतो, आणि आधार दिला की तपासणी खरी राहत नाही. शिवाय अवकाशात एक बाजू उन्हात तापलेली, दुसरी गोठलेली. दोन धातू वेगवेगळे आक्रसले की बिजागरी धरते.

इनसॅट सुटल्यावर चॅलेंजरचं काम संपलं नाही. मूळ बेत असा होता की या उड्डाणात दुसरा टीडीआरएस हा संदेशवाहक उपग्रहही न्यायचा. पण एप्रिलमध्ये पहिला टीडीआरएस नेताना त्याच्या वरच्या टप्प्याने दगा दिला, म्हणून दुसरा रद्द झाला आणि कप्प्यात जागा उरली. त्या जागेत गेला पीएफटीए: ॲल्युमिनियमची दोन मोठी चाकं, मधे ६ मीटरचा कणा, आत शिशाची वजनं. वस्तुमान साडेतीन टनांच्या पुढे. भला मोठा डंबेलच तो. काम एकच, कॅनडाआर्म या यांत्रिक हाताने तो उचलायचा, फिरवायचा, परत ठेवायचा. वजन नसलं तरी वस्तुमान असतंच. एकदा हलायला लागलेला टनावारी बोजा थांबवताना १५ मीटरचा हात किती थरथरतो, किती वेळाने शांत होतो, हे जमिनीवर मोजताच येत नाही, कारण तिथे हा हात स्वतःचंच वजन पेलू शकत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये याच हाताने एलडीईएफ हा बससारखा अवजड उपग्रह सोडायचा होता, त्याची ही रंगीत तालीम.

पहिला टीडीआरएस स्वतःच्या लहान थ्रस्टरनी रखडत रखडत जागेवर पोचला होता. त्याच्यामार्फत बोलणं जमतं का, हेही याच उड्डाणात तपासलं. उपग्रहापेक्षा न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सॅन्ड्स केंद्राच्या संगणकांनीच जास्त त्रास दिला.

या उड्डाणातला सर्वांत मोलाचा प्रयोग माझ्या लेखी आण्विक ऑक्सिजनचा. आधीच्या उड्डाणांत कप्प्यातल्या कॅप्टॉन फिल्मची चमक गेलेली आढळली होती. सोनेरी रंगाची ही प्लॅस्टिक फिल्म यानावर जागोजागी गुंडाळलेली असते. संशय होता आण्विक ऑक्सिजनवर. इतक्या उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू झालेले असतात. हवा अत्यंत विरळ, पण यान सेकंदाला ७.८ किलोमीटरने त्यात घुसतं, म्हणजे प्रत्येक अणू सुमारे ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या ऊर्जेने आपटतो. रासायनिक बंध तोडायला तेवढं पुरतं.

म्हणून चॅलेंजर मुद्दाम २२५ किलोमीटरपर्यंत खाली आणलं, कारण तिथे अणू दाट. कप्पा प्रवासाच्या दिशेला वळवला आणि नमुने सुमारे ४० तास या माऱ्यात धरले. दर चौरस सेंटिमीटरवर आदळलेले अणू मोजले तर ३५ वर १९ शून्यं. कॅप्टॉनचा १० मायक्रोमीटरच्या आसपासचा थर नाहीसा झाला. अशी फिल्म बरेचदा २५ मायक्रोमीटरचीच असते. म्हणजे दोन दिवसांहून कमी वेळात तिचा चाळीस टक्के भाग खलास. दहा वर्षं खालच्या कक्षेत राहायचं म्हटलं तर उघडं कॅप्टॉन कुचकामी, आणि सौरघटांतल्या चांदीच्या जोडण्याही काळवंडून झडणार. पुढे अंतराळ स्थानकाच्या सौरपट्ट्यांवर कॅप्टॉनला सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ लेप द्यावा लागला, त्यामागे हे आकडे आहेत. इनसॅटला मात्र या माऱ्याची भीती नव्हती. ३५ हजार किलोमीटरवर असा दाट ऑक्सिजन नाही.

मधल्या डेकवर विद्युतकण-संचलनाचं यंत्र होतं, सीएफईएस. दोन पट्ट्यांमधून द्रावाचा पातळ पडदा वाहतो, त्यात नमुन्याची बारीक धार सोडतात आणि आडवा विद्युतदाब देतात. ज्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार जास्त तो जास्त बाजूला सरकतो, आणि शेवटच्या नळ्यांच्या रांगेत वेगवेगळे घटक वेगवेगळ्या नळीत पडतात. जमिनीवर दोन अडचणी. विद्युतप्रवाहाने द्राव तापतो आणि अभिसरणाने धारा मिसळतात, शिवाय नमुना दाट असेल तर तो खाली बसायला लागतो. अवकाशात दोन्ही टळतात. आधीच्या उड्डाणांत प्रथिनं वेगळी करून पाहिली होती, एसटीएस-८ वर पहिल्यांदा जिवंत पेशी घातल्या: माणसाच्या मूत्रपिंडाच्या, उंदराच्या पियुषिका ग्रंथीच्या आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी बाकीच्यांतून निवडता आल्या तर औषध कंपन्यांना हवंच होतं. मात्र जनुक-तंत्रज्ञानाने अशी औषधी प्रथिनं जमिनीवरच स्वस्तात बनू लागली आणि अवकाशातल्या कारखान्याचा हिशेब बसेना.

सहा उंदीरही होते, पण प्रयोगासाठी नव्हे. त्यांचा पिंजरा गळतो का, वास येतो का, एवढंच बघायचं होतं. ५४ वर्षांचे विल्यम थॉर्नटन, त्या वेळेपर्यंतचे सर्वांत वयस्क अंतराळवीर, स्वतः डॉक्टर, अवकाशात होणाऱ्या मळमळीची मोजमापं घेत होते. एका डब्यात जपानच्या असाही शिंबून वृत्तपत्राचा कृत्रिम बर्फस्फटिकांचा प्रयोग होता. तो एसटीएस-६ वर फसला होता, या खेपेला जमला. आणि २,६०,००० टपाल पाकिटं! नासाला २५ वर्षं झाली म्हणून, प्रत्येकावर ९ डॉलर ३५ सेंटचं तिकीट. शास्त्राशी संबंध शून्य, पण टीडीआरएस रद्द झाल्याने रिकामी जागा होतीच.

५ सप्टेंबरला कॅलिफोर्नियात मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४० मिनिटांनी चॅलेंजर एडवर्ड्सच्या २२ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरलं. शटलला स्वतःचे दिवे नव्हते आणि इंजिनाच्या जोरावर पुन्हा वर जाण्याची सोयही नव्हती. प्रवासी विमान ३ अंशांच्या उताराने येतं, शटल १९ अंशांच्या. रात्री वैमानिकाला हा उतार दिसावा म्हणून धावपट्टीच्या अलीकडे चार दिवे: दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. सगळे लाल म्हणजे खाली आलात, सगळे पांढरे म्हणजे वर राहिलात. जमिनीपासून पाच-सहाशे मीटरवर नाक उचलून १.५ अंशाच्या सौम्य उतारावर यायचं आणि तिथे दुसरी खूण, लाल दिव्यांच्या ओळीवर एक पांढरा दिवा टेकलेला दिसला पाहिजे. टेकण्याची जागा मागून झेनॉनच्या प्रखर झोतांनी उजळलेली, म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांवर येणार नाही. रिचर्ड ट्रुली आणि डॅनियल ब्रँडनस्टाइन यांनी यान अलगद उतरवलं.

खरा घाम फुटला तो नंतर. समुद्रातून काढून आणलेले बूस्टर उघडले, तेव्हा एकाच्या नॉझलचं, म्हणजे झोत बाहेर पडायच्या तोंडाचं, अस्तर भलतंच झिजलेलं निघालं. कार्बन कापड आणि रेझिनचं हे अस्तर सुमारे ७६ मिलिमीटर जाड. जळताना ते निम्मं झिजणं अपेक्षितच, झिजूनच ते धातू वाचवतं. इथे काही ठिकाणी जेमतेम ५ मिलिमीटर उरलं होतं. एका अंदाजाप्रमाणे आणखी १४ सेकंद बूस्टर जळता तर नॉझल फुटलं असतं. बूस्टर जळतो दोनच मिनिटं. दोष रेझिनच्या एका विशिष्ट खेपेत निघाला. एसटीएस-९ तोवर तळावर उभं होतं. ते मागे नेऊन संशयित नॉझल बदलावं लागलं आणि उड्डाण नोव्हेंबरअखेर गेलं.

इनसॅटच्या पॅमचं नॉझलही कार्बनचंच. ते टिकलं. पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, एसटीएस-४१बी वरून वेस्टार-६ आणि पलापा-बी२ सोडले. दोन्ही पॅम पेटले आणि काही सेकंदांतच नॉझल निकामी होऊन विझले. दोन्ही उपग्रह धडधाकट, पण खालच्याच कक्षेत अडकलेले. तोच टप्पा, तीच रीत, फक्त नशीब वेगळं. आपला उपग्रह त्या खेपेत असता तर दूरदर्शनचं १९८४ सालचं झपाट्याने वाढणं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्याच वर्षी सुरू झालेले दुपारचे शैक्षणिक कार्यक्रम कशाच्या जोरावर झाले असते, सांगणं कठीण.

विम्याच्या कंपन्यांनी ते दोन उपग्रह परत आणायला लावले. नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी गेलं आणि १४ तारखेला वेस्टार-६ पकडायला पाठीवर जेटखुर्ची बांधून बाहेर पडले ते डेल गार्डनर. हातातला लांब दांडा उपग्रहाच्या मोटरच्या नॉझलमध्ये घुसवला, आत फासे उघडले, आणि गरगर फिरणारा उपग्रह आपल्या खुर्चीच्या झोतांनी थांबवला. नंतर जोडीदार जो ॲलन यांच्यासोबत ‘विकणे आहे’ अशी पाटी धरून फोटोही काढला.

आणि तो विकला गेला खरोखरच. डागडुजी होऊन एप्रिल १९९० मध्ये चिनी रॉकेटने तो पुन्हा वर गेला, एशियासॅट-१ या नावाने. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आपल्या गच्चीवरच्या छत्र्यांत उतरले ते याच उपग्रहावरून. दूरदर्शनचा उपग्रह अवकाशात सोडणारे हात आणि केबलचा उपग्रह अवकाशातून परत आणणारे हात एकाच माणसाचे.